हजरत जैद बिन साबित (रजि.) : वारसाहक्काच्या विद्येचे इमाम

हजरत जैद बिन साबित (रजि.) यांचे नाव तुम्ही ऐकले असेल ते बहुधा एकाच संदर्भात. पवित्र कुरआन एका ग्रंथात एकत्र करण्याचे महान कार्य ज्यांच्या हातून पार पडले, ते हे सहाबी. मुलांच्या दीनियातच्या पुस्तकात त्यांची ओळख एवढीच करून दिली जाते, आणि एवढी ओळखही कोणत्याही माणसाला पुरून उरेल अशी आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची आणखी एक बाजू आहे, जिचा संबंध तुमच्या-माझ्या प्रत्येक घराशी येतो. घरातले माणूस गेल्यावर त्याची मालमत्ता आई-वडील, मुले-मुली, भाऊ-बहिणी यांच्यात कशी वाटायची, या विद्येला फराइज म्हणतात. उम्मतमध्ये ही विद्या सर्वांत अधिक कोणाला अवगत आहे हे सांगताना प्रेषितांनी (स.) जैद (रजि.) यांचे नाव घेतले, असे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. त्यांच्या चरित्राची ही बाजू आज तुमच्यापुढे मांडायची आहे.

जैद (रजि.) मदीनेचे, खजरज कबिल्यातील बनू नज्जार या घराण्यातले. हिजरतीपूर्वी मदीनेतील औस आणि खजरज हे दोन कबिले एकमेकांचे रक्त सांडत होते. त्यांच्यातील शेवटची मोठी लढाई बुआसची. तिच्यात जैद (रजि.) यांचे वडील साबित मारले गेले. मुलाचे वय तेव्हा सहा वर्षांचे होते. आई नवार बिन्ते मालिक यांनी त्याला वाढवले.

वाचकहो, त्या काळचा रिवाज ध्यानात घ्या, म्हणजे पुढची कथा उमगेल. अरबांमध्ये वारसा त्यालाच मिळे, जो घोड्यावर बसून लढू शकतो, कबिल्याचे रक्षण करू शकतो. विधवेला काही नाही, मुलीला काही नाही, लहान मुलालाही काही नाही. मृताचा भाऊ किंवा चुलता येई आणि सर्व मालमत्ता ताब्यात घेई. सहा वर्षांचा पोरका मुलगा आणि त्याची विधवा आई, ही अशीच माणसे होती, ज्यांना हा रिवाज मोजतच नसे. पुढे ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे वाटे मोजून दिले, त्याचे बालपण अशा समाजात गेले.

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा जैद (रजि.) अकरा वर्षांचे होते. घराण्यातील माणसे त्यांना प्रेषितांपुढे (स.) घेऊन गेली आणि या मुलाला सतरा सूरह मुखोद्गत आहेत असे कौतुकाने सांगितले. प्रेषितांनी (स.) त्या ऐकून घेतल्या आणि प्रसन्न झाले. हि. २ मध्ये बद्रची मोहीम निघाली तेव्हा हा मुलगाही तलवार घेऊन निघाला. तेरा वर्षांचे वय, तलवार अंगापेक्षा मोठी. प्रेषितांनी (स.) त्याला प्रेमाने परत पाठवले आणि तो रडत आईकडे आला. तलवार चालवण्याचे वय नसले तरी लेखणी धरण्याचे होते. प्रेषितांनी (स.) त्यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले, कारण त्यांच्याशी होणाऱ्या पत्रव्यवहारात विश्वासाचा माणूस हवा होता. जैद (रजि.) पंधरा दिवसांच्या आत ती लिपी शिकले. पुढे त्यांनी सुरयानी भाषाही आत्मसात केली. वही अवतरली की प्रेषित (स.) त्यांना बोलावून घेत आणि ते खांद्याचे हाड, चामडे, जे हाताशी असेल त्यावर लिहून घेत.

आता उहुदकडे वळू या, कारण जैद (रजि.) यांच्या घराचा आणि वारसाहक्काच्या आयतीचा धागा तिथे जुळतो.

हि. ३ मध्ये, म्हणजे इ. स. ६२५ मध्ये उहुदच्या पायथ्याशी सत्तर मुसलमान शहीद झाले. त्यांच्यात सअद बिन रबीअ (रजि.) होते. सअद (रजि.) कोण, हे तुम्हाला आठवत असेल. हिजरतीनंतर प्रेषितांनी (स.) एकेका मुहाजिराला एकेका अन्सारी माणसाचा भाऊ केले, तेव्हा अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे भाऊ म्हणून सअद (रजि.) यांची निवड झाली. सअद (रजि.) सुखवस्तू होते. त्यांनी या नव्या भावापुढे आपल्या मालमत्तेचा अर्धा हिस्सा ठेवला. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना दुआ दिली, हिस्सा नाकारला आणि बाजाराचा रस्ता विचारला. हा प्रसंग ध्यानात असू द्या.

लढाई थांबल्यावर प्रेषितांनी (स.) सअद (रजि.) यांचा शोध घेण्यास माणूस पाठवला. एका रिवायतीनुसार तो माणूस म्हणजे जैद बिन साबित (रजि.). इतर रिवायतींत दुसऱ्या सहाबींची नावे येतात. सअद (रजि.) शहिदांमध्ये अखेरचे श्वास घेत पडले होते आणि अंगावर भाले, तलवारी व बाण यांच्या सत्तर जखमा होत्या. त्यांना प्रेषितांचा (स.) सलाम पोहोचवला गेला. त्यांनी उलट सलाम कळवला आणि अन्सारांसाठी निरोप दिला, की तुमच्यातील एकाचाही डोळा उघडा असेतो प्रेषितांना (स.) इजा झाली तर अल्लाहपुढे तुमची कोणतीही सबब चालणार नाही. मग त्यांनी प्राण सोडला.

घरी पत्नी आणि मुली राहिल्या. सअद (रजि.) यांचा भाऊ आला आणि रिवाजाप्रमाणे सर्व मालमत्ता घेऊन गेला. त्याने काही जगावेगळे केले नव्हते. मदीनेतील दुसऱ्या कोणीही हेच केले असते. परंतु सअद (रजि.) यांच्या पत्नी गप्प बसल्या नाहीत. त्या दोन मुलींना बरोबर घेऊन प्रेषितांकडे (स.) आल्या. त्यांनी सांगितले, की या सअदच्या मुली आहेत, त्यांचा बाप आपल्या सोबत उहुदच्या दिवशी शहीद झाला, चुलत्याने सारे घेतले आणि यांच्यासाठी काही ठेवले नाही. हातात काही नसले तर यांचे विवाहही होणार नाहीत. प्रेषितांनी (स.) स्वतःच्या मताने निर्णय दिला नाही. अल्लाह या बाबतीत निर्णय करील असे सांगून त्यांनी त्यांना परत पाठवले. त्यानंतर सूरह निसामधील वारसाहक्काची आयत अवतरली.

प्रेषितांनी (स.) चुलत्याला बोलावून घेतले आणि वाटणी सांगितली. दोन्ही मुलींना मिळून दोन-तृतीयांश, त्यांच्या आईला एक-अष्टमांश आणि उरेल ते चुलत्याला. हिशेब करून पाहा. मालमत्तेचे २४ भाग केले तर १६ मुलींचे, ३ आईचे आणि ५ चुलत्याचे. आदल्या दिवसापर्यंत ज्याचे २४ पैकी २४ होते, त्याला ५ घेऊन परत जावे लागले. मला या प्रसंगात नेहमी असे वाटते, की ही आयत एका विधवेच्या तक्रारीवर उतरली हे आपण घरात मुलांना सांगत नाही. आयत पाठ करवून घेतो, तिच्यामागची बाई मात्र विस्मरणात जाते.

याच सअद (रजि.) यांची एक कन्या जैद बिन साबित (रजि.) यांच्या विवाहात आली. तिचे नाव जमीला, पण ती उम्मे सअद (रजि.) या नावानेच ओळखली जाते. वडील शहीद झाले तेव्हा ती आईच्या पोटात होती. पुढे अबू बक्र (रजि.) यांच्या छायेत ती वाढली. एकदा ती अबू बक्र (रजि.) यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी आपली चादर अंथरली. उमर (रजि.) यांनी ही कोण असे विचारले तेव्हा ते उत्तरले, की ही तुमच्या-माझ्यापेक्षा श्रेष्ठ माणसाची मुलगी आहे. अशी ही मुलगी जैद (रजि.) यांच्या घरी आली. ज्या घराण्यामुळे वाटणीची आयत उतरली, त्या घराण्याची लेक आणि त्या आयतीचा सर्वांत मोठा जाणकार एका छपराखाली राहू लागले.

तोवर जैद (रजि.) स्वतः मोठे झाले होते. खंदकच्या लढाईत त्यांना सहभागाची परवानगी मिळाली आणि ते माती वाहत होते. तबूकच्या मोहिमेत बनू नज्जारचा झेंडा दुसऱ्याच्या हातून घेऊन त्यांच्या हाती देण्यात आला, तो केवळ त्यांना कुरआन अधिक येतो म्हणून.

प्रेषितांच्या (स.) निधनानंतर यमामाच्या लढाईत कुरआनचे अनेक हाफिज शहीद झाले. तेव्हा उमर (रजि.) यांच्या आग्रहावरून अबू बक्र (रजि.) यांनी जैद (रजि.) यांना बोलावले. वय जेमतेम बावीस. कुरआन एकत्र करण्याचे काम सोपवले गेले तेव्हा त्यांना वाटले, की एखादा डोंगर हलवायला सांगितला असता तरी तो यापेक्षा हलका वाटला असता. स्वतः हाफिज असूनही त्यांनी केवळ आपल्या स्मरणावर विसंबून काही लिहिले नाही. खजुराच्या झावळ्या, पांढरे पातळ दगड आणि लोकांची हृदये, या सर्वांतून शोधून, पडताळून त्यांनी आयती एकत्र केल्या. उस्मान (रजि.) यांच्या काळात पुन्हा मुसहफच्या प्रती तयार करण्याचे काम निघाले तेव्हाही त्या मंडळात ते होते. हे सर्व तुम्ही अन्यत्र वाचले असेल, म्हणून इथे अधिक लिहीत नाही. एवढेच सांगतो, की एकेका आयतीसाठी पुरावा मागणारा हाच माणूस एकेका वाट्याच्या बाबतीतही तसाच काटेकोर होता.

अबू बक्र (रजि.) यांच्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग इथे सांगितला पाहिजे. त्यात जैद (रजि.) नाहीत, पण पुढच्या गोष्टीसाठी तो हवा. अबू बक्र (रजि.) यांनी आपली लाडकी कन्या उम्मुल मोमिनीन आइशा (रजि.) यांना आपल्या बागेतील वीस वस्क खजूर देऊ केले होते, पण ते त्यांनी अजून तोडून ताब्यात घेतले नव्हते. मृत्युशय्येवर अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना जवळ बोलावले. तू संपन्न असावीस यापेक्षा मला काहीही प्रिय नाही, पण तू तो माल ताब्यात घेतला असतास तर तो तुझा झाला असता, आज तो वारसांचा आहे, असे त्यांनी समजावले. वारस म्हणजे तुझे दोन भाऊ आणि दोन बहिणी, अल्लाहच्या ग्रंथाप्रमाणे वाटून घ्या. आइशा (रजि.) चकित झाल्या. बहीण तर एकच, अस्मा, दुसरी कोण, असे त्यांनी विचारले. पित्याने सांगितले, की माझ्या पत्नीच्या पोटात जे मूल आहे ते मला मुलगी वाटते. ती मुलगीच झाली. जी अजून जन्मली नव्हती, तिचाही हिस्सा मरणाऱ्या पित्याने मोजला होता. घर नुसते कागदावर एका मुलाच्या नावे करून, ताबा मरेपर्यंत स्वतःकडेच ठेवून निश्चिंत होणाऱ्या बापांनी हा प्रसंग कोणा आलिमाकडून सविस्तर समजून घ्यावा.

आता उमर (रजि.) यांचा काळ आला. त्यांनी आईच्या पोटातील मुलालाही वारसा मिळेल असा निर्णय जाहीर केला. त्या दिवशी जैद (रजि.) घरी आले आणि पत्नीला त्यांनी ही बातमी दिली. वडिलांच्या मालमत्तेतील तुझ्या हिश्श्याविषयी तुला काही बोलायचे असेल तर बोलू शकतेस, अमीरुल मोमिनीन यांनी आज गर्भालाही वारस ठरवले आहे, असे त्यांनी सांगितले. उहुदच्या दिवशी त्या गर्भातच होत्या, म्हणून हा निर्णय त्यांना थेट लागू होत होता. उम्मे सअद (रजि.) उत्तरल्या, की मी माझ्या भावंडांकडे काही मागणारी नव्हे.

वाचकहो, इथे मी थोडा थांबतो. हा प्रसंग मी एकदा जुम्याच्या बयानात सांगितला, तेव्हा नमाजनंतर एक गृहस्थ आनंदाने मला भेटले. वडिलांच्या जमिनीसाठी बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचे होते आणि त्यांना या प्रसंगात आधार सापडला होता. सहाबियांनीही हक्क सोडला, मग माझ्या बहिणींनी का सोडू नये, असा त्यांचा युक्तिवाद. मी त्यांना विचारले, बहिणींचा हिस्सा किती होतो हे तुम्ही त्यांना आकड्यात सांगितले आहे का? ते गप्प राहिले. मग विचारले, सही केली नाही तर माहेरचा दरवाजा बंद होईल असे घरात कोणी बोलले आहे का? यावर ते रागावले.

त्यांचा राग मी समजू शकतो, पण प्रसंग नीट वाचा. जैद (रजि.) यांनी पत्नीपुढे कागद ठेवला नाही. त्यांनी तिला तिचा हक्क कळवला. वर्षानुवर्षे जुनी गोष्ट होती, मालमत्ता कधीच वाटली गेली होती आणि ती गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलेही नसते. तरीही ज्या दिवशी हक्क सिद्ध झाला त्याच दिवशी तो तिच्या कानावर घातला गेला. मागायचे की नाही हे तिने ठरवले. तिच्या पाठीशी तिचा हक्क सांगणारा, मदीनेतील सर्वांत मोठा जाणकार पती उभा होता. आपल्याकडे तलाठ्याच्या कार्यालयात वारस नोंद होते, सातबाऱ्यावर नावे चढतात, आणि पुष्कळ बहिणींना आपण कोणत्या कागदावर सही केली हे नंतर कळते. कोणी म्हणते, लग्नात इतका खर्च केला, जहेज दिला, तोच तिचा वाटा. बापाने जिवंतपणी लेकीला दिलेली वस्तू ही भेट आहे. वारसा माणूस मेल्यावर निर्माण होतो. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही, हे फराइजचे पहिल्या इयत्तेतील ज्ञान आहे. हिस्सा ठरला, हातात आला, आणि मग बहिणीने स्वखुशीने भावाला दिला, तर तो तिचा मोठेपणा. तिच्या जागी आपणच मोठेपणा करून टाकायचा, हे कोणत्या रिवायतीत बसते?

असो. जैद (रजि.) यांच्याकडे परत येतो.

उमर (रजि.) यांनी शामच्या दौऱ्यात जाबिया येथे लोकांपुढे भाषण केले तेव्हा कुरआनसाठी उबई बिन कअब (रजि.) यांच्याकडे, हलाल-हरामसाठी मुआज (रजि.) यांच्याकडे आणि फराइजसाठी जैद (रजि.) यांच्याकडे जावे असे सांगितले. हजसाठी मदीना सोडताना उमर (रजि.) त्यांनाच आपल्या जागी नेमून जात. परंतु याच उमर (रजि.) यांचा आणि जैद (रजि.) यांचा एका प्रश्नावर मतभेद झाला, आणि तो प्रश्न आजही आपल्या दारी येतो. एखादा माणूस मृत्यू पावला, त्याला मूल नाही, वडीलही आधीच गेलेले, मागे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील आहेत, आणि सख्खे भाऊही आहेत. मालमत्ता कोणाची? कुरआनात या जोडीचा स्पष्ट उल्लेख नाही. अबू बक्र (रजि.) यांचे मत असे, की आजोबा वडिलांच्या जागी आहेत, तेव्हा त्यांच्यापुढे भावांना काही नाही. उमर (रजि.) यांचाही कल आजोबांकडे होता. त्यांच्या एका नातवाचा मृत्यू झाला होता, म्हणून हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या घरचाही होता.

एके दिवशी उमर (रजि.) अचानक जैद (रजि.) यांच्या घरी आले. जैद (रजि.) यांचे डोके त्यांच्या दासीच्या हातात होते, ती केस विंचरत होती. त्यांनी लगबगीने डोके काढून घेतले. उमर (रजि.) म्हणाले की विंचरू द्या तिला. जैद (रजि.) यांनी संकोचून सांगितले, की निरोप धाडला असता तर मीच आलो असतो. उमर (रजि.) यांचे उत्तर होते, की गरज माझी आहे. त्यांनी आजोबांचा प्रश्न काढला. ही काही वही नाही, ज्यात आपण कमी-जास्त करू शकत नाही, हे केवळ मत आहे, पटले तर स्वीकारीन, नाही तर तुमच्यावर काही बंधन नाही, असेही ते म्हणाले. जैद (रजि.) तरीही काही बोलेनात. उमर (रजि.) नाराज होऊन परतले. पुन्हा एकदा त्याच वेळी आले आणि प्रश्न लावून धरला. तेव्हा जैद (रजि.) यांनी लिहून देण्याचे मान्य केले, आणि उंटाच्या खोगिराच्या एका तुकड्यावर आपले मत लिहून दिले. त्यात त्यांनी झाडाचा दाखला दिला होता. एका खोडातून एक फांदी निघते, त्या फांदीतून दोन डहाळ्या. एक डहाळी तोडली तर तिचा रस दुसऱ्या डहाळीकडे वळतो. खोड म्हणजे आजोबा, फांदी म्हणजे वडील, डहाळ्या म्हणजे भाऊ. भाऊ भावापासून इतका जवळ असताना त्याला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे?

उमर (रजि.) यांनी तो तुकडा लोकांना वाचून दाखवला आणि तो निर्णय लागू केला. विचार करा, राज्यकर्ता आजोबा आहे, मत आजोबांच्या विरुद्ध जाणारे आहे, आणि तो ते स्वीकारतो.

जैद (रजि.) यांची पद्धत अशी, की दुसरा कोणी ठरलेल्या हिश्श्याचा वारस नसेल तर आजोबांना भावांपैकी एक समजून वाटणी करावी, मात्र त्यांचा वाटा एक-तृतीयांशाखाली जाऊ देऊ नये. ९ लाखांची मालमत्ता, आजोबा आणि तीन सख्खे भाऊ असतील तर आजोबांना ३ लाख आणि प्रत्येक भावाला २ लाख. इमाम मालिक, इमाम शाफई आणि इमाम अहमद (रह.) यांनी हाच मार्ग धरला. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी अबू बक्र (रजि.) यांचे मत घेतले, त्यांच्या मते सर्व ९ लाख आजोबांचे. त्यांचे दोन्ही प्रमुख शिष्य मात्र जैद (रजि.) यांच्या बाजूचे. म्हणून तुमचे घर रत्नागिरी-रायगडच्या शाफई कोकणी मुसलमानांपैकी असेल आणि सोयरीक मराठवाड्यातील हनफी घराशी झाली असेल, तर या एका प्रश्नावर दोन मौलाना दोन उत्तरे देतील. घाबरून जाऊ नका. दोन्ही उत्तरे सहाबींच्या घरातून आलेली आहेत.

आई-वडिलांच्या हिश्श्यावरूनही असाच एक मतभेद झाला. एखादी स्त्री मृत्यू पावली, मूल नाही, मागे पती, आई आणि वडील आहेत. ६ लाखांपैकी पतीचा अर्धा हिस्सा, म्हणजे ३ लाख. आता आईचा एक-तृतीयांश कशाचा? संपूर्ण ६ लाखांचा, की उरलेल्या ३ लाखांचा? उमर (रजि.) यांनी उरलेल्याचा असे ठरवले होते आणि जैद (रजि.) त्याच मताचे होते. आईला १ लाख, वडिलांना २ लाख. इब्ने अब्बास (रजि.) यांना हे पटत नव्हते. त्यांच्या मते आईला २ लाख आणि वडिलांना १ लाख. त्यांनी जैद (रजि.) यांच्याकडे माणूस पाठवून विचारले, की उरलेल्याचा तृतीयांश हे तुम्हाला अल्लाहच्या ग्रंथात कुठे सापडले? जैद (रजि.) यांनी कळवले, की तुम्ही तुमचे मत सांगता, मी माझे सांगतो. चारही मजहबांनी पुढे जैद (रजि.) यांचे मत घेतले.

या इब्ने अब्बास (रजि.) यांनीच एकदा जैद (रजि.) स्वार होऊ लागले तेव्हा पुढे होऊन त्यांची रिकीब धरली. जैद (रजि.) यांनी त्यांना तसे न करण्याची विनंती केली, कारण ते प्रेषितांचे (स.) चुलत भाऊ. आम्हाला आलिमांशी असेच वागायला सांगितले आहे, हे त्यांचे उत्तर. जैद (रजि.) यांनी त्यांचा हात मागितला आणि चुंबून सांगितले, की प्रेषितांच्या (स.) घरच्या माणसांशी आम्हाला असे वागायला सांगितले आहे. वारसाच्या प्रश्नावर भांडून वीस-वीस वर्षे एकमेकांच्या जनाज्याला न जाणारी घरे मी पाहिली आहेत, म्हणून हा प्रसंग मला विशेष वाटतो.

न्यायाच्या बाबतीत ते कसे घडत गेले, याचाही एक दाखला आहे. उमर (रजि.) आणि उबई बिन कअब (रजि.) यांच्यात एका गोष्टीवरून वाद झाला आणि दोघेही निवाड्यासाठी जैद (रजि.) यांच्या घरी आले. जैद (रजि.) यांनी खलीफांना आपल्या बैठकीवर बसण्यास जागा केली. उमर (रजि.) यांनी तिथेच टोकले, की हा तुमच्या निवाड्यातील पहिला अन्याय आहे, आणि ते प्रतिपक्षाशेजारी जाऊन बसले. उबई (रजि.) यांनी दावा मांडला, उमर (रजि.) यांनी इन्कार केला. नियमाप्रमाणे उमर (रजि.) यांना शपथ घ्यावी लागत होती. जैद (रजि.) यांनी उबई (रजि.) यांना सुचवले, की अमीरुल मोमिनीन यांना शपथेतून मोकळे करावे. उमर (रजि.) यांनी शपथ घेतलीच, आणि खलीफा व सामान्य मुसलमान जैद यांना सारखे वाटेपर्यंत ते काजी होण्यास पात्र नाहीत, असे बजावले. चरित्रकार हा प्रसंग लपवत नाहीत. थोर माणसालाही टोकले गेले आणि त्याने ते मानले, यात त्याचे काही उणे झाले नाही.

इतके अधिकारी असूनही फतवा देताना ते फार सावध असत. कोणी प्रश्न घेऊन आला की आधी विचारत, हे घडले आहे का? घडले नाही असे उत्तर आले तर म्हणत, मग घडेपर्यंत राहू द्या. पुढे मरवान मदीनेचा अधिकारी असताना त्याने त्यांना बोलावले, प्रश्न विचारू लागला आणि पडद्याआड लेखक बसवून उत्तरे लिहून घेऊ लागला. जैद (रजि.) यांच्या ते ध्यानात आले. त्यांनी मरवानला सांगितले, की मी जे बोललो ते माझे मत आहे, कदाचित त्यातले सर्वच चुकीचे असेल. ज्याने संपूर्ण कुरआन लिहिला, त्याला आपले मत मात्र लिहून ठेवले जाण्याची धास्ती वाटत होती.

हि. ४५ मध्ये, म्हणजे इ. स. ६६५ च्या सुमारास मदीनेत त्यांचे निधन झाले. वर्षाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, पण हे वर्ष अधिक आढळते. अबू हुरैरा (रजि.) यांनी या उम्मतचा आलिम गेला असे म्हणून शोक केला आणि इब्ने अब्बास त्यांची जागा भरून काढतील अशी आशा व्यक्त केली. दफन झाल्यावर इब्ने अब्बास (रजि.) यांनी कबरीकडे बोट दाखवून लोकांना सांगितले, की इल्म जाते ते असे जाते.

उम्मे सअद (रजि.) यांच्या पोटी त्यांना खारिजा नावाचा मुलगा झाला. मदीनेच्या सात मोठ्या फकीहांमध्ये त्याची गणना होते. खारिजा आणि तल्हा बिन अब्दुल्लाह या दोघांकडे मदीनेचे लोक फतव्यासाठी येत. एखाद्या घरी माणूस गेले की हे दोघे जात, घरे, खजुरांच्या बागा आणि इतर मालमत्ता वारसांमध्ये वाटून देत आणि दस्तऐवज लिहून देत. खारिजा म्हणजे सअद बिन रबीअ (रजि.) यांचा नातू, ज्यांच्या मुलींचा वाटा चुलत्याने नेला होता. आणि तल्हा म्हणजे अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचा पुतण्या, ज्यांच्यापुढे सअद (रजि.) यांनी एके दिवशी आपली अर्धी मालमत्ता ठेवली होती.